चमचाभर खोबरेल आणि घरचीं मुकीं लेकरें

वांद्र्याच्या ज्या भागांत आम्ही राहतों, तेथें सकाळीं सहाच्या सुमारास रस्त्यावर निघाल्यास दोन प्रकारचीं माणसें हटकून भेटतात. एक, स्वतःच्या प्रकृतीसाठीं फिरावयास निघालेलीं. आणि दुसरीं, आपल्या कुत्र्याच्या प्रकृतीसाठीं त्यास फिरवावयास निघालेलीं. ह्या दुसऱ्या वर्गाच्या तोंडीं अलीकडे एक मंत्र वारंवार ऐकूं येतो. कुत्र्याचे केंस गळतात? खोबरेल द्या. अंगाला वास मारतो? खोबरेल द्या. म्हातारपणामुळें तें भ्रमिष्टासारखें भिंतीकडे तोंड करून उभें राहतें? मग तर रोज चमचाभर खोबरेल दिलेंच पाहिजे! हा मंत्र आतां मांजरांच्या घरींहि जाऊन पोंचला आहे.

गेल्या महिन्यांत दोन वाचकभगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, मांसमासळी न शिजणाऱ्या घरांत कुत्र्यामांजरांस पूरक आहार म्हणून खोबरेल द्यावें काय, आणि द्यावें तर किती? प्रश्न वरकरणी लहान दिसतो. परंतु ह्याच पावसाळ्यांत आमच्या शेजारीं जें घडलें, तें पाहिल्यापासून आम्हांस तो लहान वाटेनासा झाला आहे. म्हणून प्रथम ती हकीकत सांगून मग शास्त्र काय म्हणतें तें सांगावें असा विचार आहे.

शेजारचें कुटुंब मोठें व एकत्र आहे. आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडें अशीं नऊ माणसें, आणि मनी नांवाची मांजरी दहावी. घर कडक शाकाहारी; अंड्यालासुद्धां उंबरठा ओलांडूं न देणारें. मनीचें जेवण म्हणजे दोन्ही वेळां दूधभात, त्यावर आजींच्या हातचें लोणकढें तूप, आणि मधूनमधून मुलांनीं बाहेरून आणलेल्या तयार खाद्याची एखादी पुडी. ह्या थाटानें मनी अंगानें चांगलीच भरली होती. परंतु केंसांचा तजेला गेला होता आणि गादीवर, सतरंजीवर केंसच केंस दिसूं लागले होते. धाकट्या सूनबाईंना कोणीसा खोबरेलाचा उपाय सांगितला आणि आजींना तो मनापासून पटला. "नारळासारखें पवित्र फळ दुसरें नाहीं, त्याचें तेल कधीं कोणाला बाधायचें नाहीं," असें म्हणून त्यांनीं दुसऱ्या दिवसापासून दूधभातांत चमचाभर खोबरेल कालवावयास आरंभ केला. आतां तेल चालू झालें, तेव्हां बाहेरच्या पुड्यांची गरज उरली नाहीं, असेंहि ठरलें.

मनीनें वास घेतला आणि तोंड फिरविलें. भूक लागली म्हणजे आपोआप खाईल, असें सर्वांनीं गृहीत धरलें. हट्टी मुलास हा नियम लागू पडतो, म्हणून मांजरासहि तो लागू पडेल अशी कोणाचीहि समजूत व्हावी. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. ताटली जशीच्या तशी. चौथ्या दिवशीं चमच्यानें तिच्या तोंडांत तेल घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां तिनें थोरल्या सूनबाईंचा हात ओरबाडला. सहाव्या दिवशीं शाळकरी नात तिला मांडीवर घेऊन बसली असतां तिला मनीच्या कानाची आंतली बाजू हळदीसारखी पिवळी दिसली. त्याच दुपारीं मनीला टोपलींत घालून पशुवैद्यांकडे नेलें. डॉक्टरांनीं प्रथम केंसांविषयीं विचारलें नाहीं, कीं तेलाविषयीं विचारलें नाहीं. त्यांनीं विचारलें, "ही जेवली नाहीं त्याला किती दिवस झाले?"

विकार यकृतांत चरबी सांठण्याचा होता. मांजर, विशेषतः अंगानें जड असलेलें मांजर, कांहीं दिवस उपाशी राहिलें म्हणजे त्याचें शरीर सांठवलेली चरबी मोकळी करतें. ती चरबी यकृताकडे जाते. परंतु मांजराच्या यकृतास एवढ्या चरबीचा निकाल लावतां येत नाहीं. ती तेथेंच सांठून राहते, यकृत काम करीनासें होतें आणि कावीळ दिसूं लागते. अशा वेळीं मांजराची अन्नावरची वासनाच उडते, आणि उपासानें जडलेला रोग उपास वाढवीत जातो. मनुष्यास एकादशी मानवते. मांजरास ती मानवत नाहीं. ह्यावर मुख्य उपाय एकच, तो म्हणजे कसेंहि करून पोटांत पुरेसें अन्न घालणें. मनीच्या मानेंतून अन्ननलिकेंत एक बारीक नळी बसविण्यांत आली, आणि पांच आठवडेपर्यंत दिवसांतून चार-पांच वेळां पिचकारीनें पातळ अन्न घालावें लागलें. तें अन्न अर्थात् मांसाचें होतें.

आजी पहिले दोन दिवस देवघरांतून फारशा बाहेरच आल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं धाकट्या सूनबाईंना ताप आला, थोरल्या नोकरीवर गेलेल्या, आणि मनीची वेळ झाली. तेव्हां आजींनीं पदर खोंचला व पिचकारी हातांत घेतली. "तिच्या जातीचें तें अन्न आहे. माझ्या सोंवळ्यासाठीं तिनें मरायचें कीं काय?" एवढेंच त्या बोलल्या. पुढचे सारे दिवस दुपारची पाळी त्यांचीच होती. मनी वांचली.

ह्या हकीकतीवरून खोबरेल हें विष आहे असें मात्र कोणीं समजूं नये. तें विष नव्हे. त्यानें अपाय केला तो दोन आडवाटांनीं: एक तर त्याच्यामुळें मांजरानें अन्न सोडलें, आणि दुसरें, उपाय चालू आहे असें वाटल्यामुळें घरच्यांनीं सहा दिवस वैद्य गांठला नाहीं. ह्यांतील पहिली गोष्ट योगायोगाची नव्हे. नारळाच्या तेलांत ज्या आंखूड व मध्यम साखळीच्या चरबी असतात, त्या मांजरांस आवडत नाहींत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं १९८५ सालींच हें प्रयोगानें दाखविलें आहे कीं, अशी चरबी किंवा तिच्यांतील कॅप्रिलिक आम्ल अन्नांत मिसळलें असतां मांजरें तें अन्न टाळतात. तेव्हां मनीनें तोंड फिरविलें तो हट्ट नव्हता. ती तिची उपजत रुचि होती.

आतां ह्या तेलांत आहे तरी काय तें पाहूं. थंडीच्या दिवसांत पहांटे बाटलींतलें खोबरेल थिजलेलें आपण सर्वांनींच पाहिलें आहे. चोवीस-पंचवीस अंशांच्या खालीं तें घट्ट होतें, ह्याचें कारण त्यांतील शेंकडा सुमारें ९० भाग संपृक्त चरबीचा असतो. त्यांत जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. प्रथिन त्यांत नाहीं, कॅल्शियम नाहीं, अ आणि ड हीं जीवनसत्त्वेंहि नाहींत. केंसांच्या व त्वचेच्या आरोग्यास ज्या लिनोलेइक आम्लाची कुत्र्यास नितान्त गरज असते, तें ह्या तेलांत शेंकडा दोनच्या आसपास असतें. उलट आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडील साध्या करडईच्या तेलांत तेंच आम्ल सुमारें तीनचतुर्थांश असतें. म्हणजे अन्नांतील चरबीच्या उणिवेमुळें कुत्र्याचे केंस रुक्ष झाले असतील, तर खोबरेलापेक्षां करडईचें थोडें तेल अधिक उपयोगीं पडण्याचा संभव आहे. मांजराची अडचण आणखी पुढची आहे. लिनोलेइक आम्लापासून ॲराकिडॉनिक नांवाचें दुसरें आवश्यक आम्ल बनविण्याची शक्ति कुत्र्याच्या शरीरांत असते, मांजराच्या शरीरांत ती नसल्यासारखीच असते; आणि तें आम्ल प्राणिज अन्नांतच मिळतें. म्हणून कोणतेंहि वनस्पतीचें तेल मांजराची ती उणीव भरून काढूं शकत नाहीं.

मग म्हाताऱ्या कुत्र्यांची बुद्धि तेलानें सुधारते, ही गोष्ट कोठून निघाली? तिच्या मुळाशीं खरें संशोधन आहे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत बीगल जातीच्या वृद्ध कुत्र्यांस मध्यम साखळीची चरबी घातलेलें अन्न आठ महिने दिलें असतां, शिकण्याच्या व ओळखण्याच्या परीक्षांत तीं इतरांहून सरस ठरलीं. पुढें २०१५ सालीं लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजांत फेंपरें येणाऱ्या २१ कुत्र्यांवर असाच प्रयोग झाला, आणि कित्येकांचे झटके कमी झालेले आढळले. परंतु ह्या प्रयोगांत दिलेली चरबी म्हणजे घाणीवरून आणलेलें खोबरेल नव्हे. ती मुख्यतः कॅप्रिलिक व कॅप्रिक ह्या दोन आम्लांची, निवडून काढलेली आणि सर्व घटकांनीं पूर्ण अशा अन्नांत मोजून मिसळलेली चरबी होती. खोबरेलांत हीं दोन आम्लें शंभरांत जेमतेम बारा ते पंधरा भाग. आणि जें लॉरिक आम्ल पुष्कळ, त्याची शरीरांतील वागणूक बऱ्याच अंशीं साध्या चरबीसारखीच असते. शिवाय फेंपऱ्याच्या त्या कुत्र्यांचीं नेहमींचीं औषधें बंद केलेलीं नव्हतीं. तेव्हां ह्या संशोधनाचा आधार घेऊन वाण्याकडची बाटली उघडणें, हें उसाचे गुण वाचून गवत चघळण्यासारखें आहे.

आतां प्रमाणाचा हिशेब पाहूं. कारण "चमचाभर" हा शब्द माणसाच्या पोटाकडे पाहून आलेला आहे. पोह्याच्या मोठ्या चमचाभर खोबरेलांत सुमारें १२० आणि चहाच्या लहान चमच्यांत सुमारें ४० उष्मांक असतात. चार किलो वजनाच्या घरांत बसून राहणाऱ्या मांजराचें सबंध दिवसाचें खाणें २०० ते २५० उष्मांकांचें. म्हणजे एक लहान चमचा तेल हा त्याच्या दिवसाच्या अन्नाचा पांचवा-सहावा हिस्सा झाला! दहा किलोच्या कुत्र्यास दिवसास सुमारें ६०० उष्मांक पुरतात. त्याला मोठा चमचाभर तेल देणें म्हणजे त्याचाहि पांचवा हिस्सा. नेमस्त अन्नाखेरीज जें जें वरखाणें दिलें जातें, त्या सर्वांची बेरीज दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्श्याबाहेर जाऊं नये, असा आहारवैद्यांचा सर्वमान्य नियम आहे. ह्या नियमानें मांजराच्या वाट्यास बिस्किट, दूध, तूप, सर्व धरून लहान अर्धा चमचाच येतो.

प्रमाण चुकल्यास पहिला परिणाम लठ्ठपणाचा; तो हळूहळू येतो. दुसरा हगवणीचा, तो लगेच येतो. तिसरा परिणाम अधिक भयंकर. एकाएकीं पुष्कळ स्निग्ध पदार्थ खाल्ल्यानें कांहीं कुत्र्यांच्या स्वादुपिंडास सूज येते. कुत्रें वारंवार ओकतें, पाठ कमानीसारखी करून उभें राहतें, पोटास हात लावूं देत नाहीं. ज्या कुत्र्यास पूर्वीं हा विकार होऊन गेला आहे, किंवा जें फार लठ्ठ आहे, त्यास खोबरेल, तूप, लोणी, तळणाचें तेल ह्यांपैकीं कांहींएक वर घालूं नये.

आमच्या शाकाहारी वाचकांस ह्यापुढील गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतों. आपल्या घरांत दूधभात खाऊन मांजरें वर्षानुवर्षें जगलेलीं आपण पाहिलेलीं आहेत. परंतु तीं मांजरें मोकळीं होतीं. माळ्यावरचे उंदीर, अंगणांतल्या पाली, चिमणीचें पिल्लूं, ह्यांवर त्यांचें खरें पोषण चाललेलें होतें, आणि दूधभात हा त्यांचा फराळ होता. आतां वांद्र्याच्या चौथ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीच्या आंत तें मांजर बसलें आहे. त्याला उंदीर कोठून मिळणार? मांजराच्या शरीरास टॉरिन नांवाचा एक पदार्थ अन्नांतूनच पुरेसा मिळावा लागतो, व तो मांसांत व मासळींत असतो. तो न मिळाल्यास मांजराचे डोळे जातात हें १९७५ सालीं, आणि त्याचें हृदय फुगून दुबळें होतें हें १९८७ सालीं संशोधनानें सिद्ध झालें. तसेंच गाजरांतील रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व आपलें शरीर बनवितें, मांजराचें बनवीत नाहीं. त्याला तें तयारच लागतें. हीं सर्व उणीव चमचाभर तेलानें भरून निघेल अशी आशा करणें व्यर्थ होय. कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तो मिश्राहारी आहे. काळजीपूर्वक जुळविलेल्या शाकाहारावर तो राहूं शकतो. परंतु पोळी-दूध-भात म्हणजे जुळविलेला आहार नव्हे.

तेल आणि तेल ह्यांत केवढें अंतर असतें, हें जगास प्रथम शिकविलें तें कुत्र्याच्या पिल्लांनींच. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडांत एडवर्ड मेलॅन्बी ह्यांनीं पिल्लांस मोजका, मुख्यतः धान्याचा आहार देऊन त्यांच्यांत मुडदूस उत्पन्न केला, आणि कॉड माशाच्या यकृताचें तेल दिल्यास तो टळतो हें १९१९ सालीं दाखविलें. त्या तेलांतील गुण तेलकटपणाचा नव्हता. पुढें ड जीवनसत्त्व म्हणून जें ओळखलें गेलें, त्याचा तो होता. लक्षावधि मानवी बालकांचे पाय ज्या शोधानें सरळ राहिले, तो शोध मुक्या पिल्लांच्या वांकड्या पायांवर लागला आहे. ह्या ऋणाची आठवण ठेवून तरी आपण त्यांच्या ताटलींत काय पडतें तें डोळसपणें पाहावें. मात्र कॉडचें तेलहि आपल्या मनानें देऊं नये. अ आणि ड हीं जीवनसत्त्वें अति झाल्यास तींच रोग करतात.

बाह्य उपचाराविषयीं दोन शब्द. पंजाच्या भेगाळलेल्या तळव्यास बोटभर शुद्ध खोबरेल चोळल्यास बहुधा अपाय नाहीं. पण कुत्रें तें चाटणार, आणि चाटलेलें तेल पोटांतच जाणार, हें लक्षांत ठेवावें. खाजेचीं कारणें गोचीड, पिसवा, खरूज, बुरशी, अन्नाचें वावडें अशीं अनेक असतात, आणि तेलानें चकाकणाऱ्या अंगावर तीं ओळखणें वैद्यासहि कठीण जातें. आपल्या घरीं खाजेवर खोबरेलांत कापूर घालून लावण्याची रीत आहे. हें मिश्रण कुत्र्यामांजरांस चुकूनहि लावूं नये; कापूर त्यांच्या पोटांत गेल्यास विषारी ठरतो व झटके येऊं शकतात. डोक्यास लावावयाचीं सुवासिक तेलेंहि वर्ज्य समजावीं. पुष्कळांत खनिज तेल व सुगंधी द्रव्यें मिसळलेलीं असतात. लहान बाटलींतलें शुद्ध खोबरेल हें खाद्य तेल कीं केशतेल, हा वाद करआकारणीच्या निमित्तानें थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता; खाद्य म्हणून विकलेलें शुद्ध तेल लहान बाटलींत असलें तरी खाद्यच, असा निर्णय डिसेंबर २०२४ मध्यें झाला. गृहिणीनें एवढेंच करावें कीं, बाटलीवर खाद्य तेल असें लिहिलेलें आहे कीं नाहीं तें वाचावें.

तर मग वाचकभगिनींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. निरोगी, सडपातळ कुत्र्यास आवडत असेल तर पावचमचा शुद्ध खोबरेल अधूनमधून दिल्यास बिघडणार नाहीं. मात्र तो खाऊ समजावा, पोषण समजूं नये. मांजरास तें देऊं नये. कोणत्याहि जनावराच्या तोंडांत तेल बळेंच ओतूं नये. तें श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसांस सूज येते. नवें अन्न द्यावयाचें तर जुन्यांत थोडें थोडें मिसळून आठवडाभरांत पालटावें, आणि मांजरानें एक दिवस सबंध अन्न टाकलें तर दुसऱ्या दिवशीं वैद्याचें दार गांठावें. मुंबईत तरी ह्या विद्येची उणीव नाहीं. प्राण्यांवरील क्रौर्य निवारण्याची मंडळी येथें १८७४ सालीं स्थापन झाली, परळचें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचें आहे, आणि आतां उपनगरांतहि पशुवैद्य बसतात. तेलाची बाटली हाताशीं असते आणि दवाखाना खाडीपलीकडे वाटतो, एवढीच खरी अडचण आहे.

उरला प्रश्न सोंवळ्याचा. मांजरासाठीं सर्व घटकांनीं पूर्ण असें तयार खाद्य आतां सर्वत्र मिळतें. घरांत कांहीं शिजवावें लागत नाहीं. आपल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. त्यांत प्राणिमात्रास अन्न देणें हें गृहस्थाचें कर्तव्य मानलें आहे. आपण स्वतः काय खावें हा आपल्या व्रताचा प्रश्न. आश्रितास काय मानवतें हा त्याच्या देहाचा प्रश्न. हीं दोन एकांत एक मिसळूं नयेत.

आमच्या शेजारीं आतां मागल्या सज्जांत मनीची निराळी ताटली आहे, निराळा चमचा आहे, आणि तो धुण्यासाठीं निराळें फडकें आहे. ताटली वाढण्याचें काम नातीकडे. ती रिकामी झाली कीं नाहीं तें पाहण्याचें काम आजींकडे. परवां सहज आम्ही गेलों असतां आजी सज्जाच्या दारांत उभ्या होत्या. "आज निम्मेंच खाल्लेंन," त्या काळजीनें म्हणाल्या, आणि आम्हांस बसा म्हणण्यापूर्वीं त्यांनीं वांकून मनीच्या कानाची आंतली बाजू उजेडाकडे करून पाहिली. ती गुलाबी होती.